समुद्र दाखवताना

दिवाळीच्या सुट्टीला आठ-दहा दिवस उरले, की मला एक ठरावीक प्रश्न येऊ लागतो. पूर्वी तो पोस्टकार्डावर येत असे, आता मोबाइलवर येतो, एवढाच काय तो फरक. "मास्तर, यंदा सहकुटुंब मालवणला यायचे म्हणतो आहोत. तुमच्याकडची सगळ्यांत चांगली पुळण कोणती, तेवढे कळवा." पुण्यामुंबईची मंडळी अर्थात पुळण म्हणत नाहीत, बीच म्हणतात, पण विचारण्यातला भाव तोच. दुकानात शिरल्याशिरल्या 'तुमच्याकडचे सगळ्यांत चांगले लुगडे दाखवा' म्हणावे, तसा.

या प्रश्नाचे उत्तर मी किती वर्षे मोठ्या हौसेने देत असे. गावात राहणाऱ्या माणसाला आपला गाव दुसऱ्याला दाखवताना जो एक फुकटचा मालकीहक्क मिळतो, त्याची चव काही औरच असते. समुद्र मी केलेला नाही, वाळू मी आणून टाकलेली नाही; पण पाहुण्याच्या तोंडून "वा!" निघाले, की कौतुक माझेच झाल्यासारखे मला वाटे. मग मी सांगत सुटे. गावातच हवी असेल तर चिवल्याची पुळण आहे. संध्याकाळी चार पावलांवर. दांडीच्या किनाऱ्यावर उभे राहा, समोर सिंधुदुर्ग दिसेल. महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचा पाया घातला नि १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. चहूकडे खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली. पावसाळा सरून पाणी निवळले, की कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून स्वतःच्या पायाची नखे मोजावीत. त्याच्या पुढे देवबाग. एका हाताला कर्ली नदी, दुसऱ्या हाताला समुद्र आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. रात्री झोपलात, तर दोन्ही कानांना दोन निरनिराळी पाणी ऐकू येतील. उत्तरेला गेलात तर तोंडवळी-तळाशीलची तशीच पट्टी, आणि त्याही पलीकडे आचऱ्याची लांबच लांब, चालून चालून पाय दुखावेत अशी पुळण.

यांतली सगळ्यांत चांगली कोणती? खरे म्हणजे हा प्रश्न मी एकदा उलटून विचारायला हवा होता, की चांगली कोणासाठी? रापण ओढणाऱ्याच्या लेखी चांगली पुळण ती, जिच्या पोटात खडक नाही. खडकाला जाळे अडकले, की दिवसभराची कमाई शिवणकामात जाते. सुकी मासळी विकणाऱ्या बाईला पुळण रुंद हवी, कोरडी हवी, आणि कुत्री कमी हवीत. आमच्या किनाऱ्यावर रात्री वर चढून, वाळूत खड्डा करून शंभरएक अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवीला पुळण काळोखाची हवी. कारण पन्नासएक दिवसांनी बाहेर पडलेली पिल्ले जिकडे उजेड तिकडे धावतात, आणि उजेड समुद्रावरच्या आभाळाचा नसून खाणावळीच्या दिव्यांचा असला, तर ती भलतीकडे जाऊन मरतात. देवबागच्या माणसाला विचाराल, तर जी पुळण पुढच्या पावसाळ्यानंतरही जागेवर असेल ती त्याला चांगली. तेथे समुद्र जमीन खातो. त्याला थोपवायला दगडांचे बंधारे घातले आहेत. आणि पाहुण्याची चांगली पुळण? जिच्यावर आपल्याखेरीज दुसरे कोणी नाही, आणि जिला मासळीचा वास येत नाही, ती. म्हणजे वर सांगितलेल्यांपैकी कोणीही जिथे पोट भरत नाही, ती.

असे मी आज लिहितो. पण हे शहाणपण मला फुकट आलेले नाही, आणि ज्या दिवशी ते आले, त्या दिवसाविषयी मी आजवर कोठे लिहिलेले नाही.

माझ्या पहिल्या कादंबरीत एका पुळणीचे वर्णन आहे. चांगले अडीच पानांचे. नाव मी बदलले होते, पण जागा खरी. शाळकरी वयापासून मी तिथे एकटा जात असे. रस्ता केवड्याच्या बनातून. पुढे वाळूवर मर्यादावेलीच्या जांभळ्या फुलांचा गालिचा, आणि मग एकदम समुद्र. या वेलीला आमच्या लोकांनी मर्यादावेल का म्हटले, हे तिथे उभे राहिले की कळते. समुद्राने यावे ते तिच्यापर्यंत, आणि माणसाने घर बांधावे ते तिच्या अलीकडे, अशी ती दोघांमधली सीमा. कादंबरीची नायिका मन फार उदास झाले, की या पुळणीवर येते. दोन्हीकडे लाटा फुटत असतात. मध्येच पाण्याचा एक शांत, गडद पट्टा असतो, जिथे लाट फुटत नाही. ती त्या पट्ट्यात गुडघाभर पाण्यात उभी राहते आणि तिचे मन निवते. एका समीक्षकाने या प्रसंगाची स्तुती केली होती. कात्रण अजून माझ्या पेटीत आहे.

ही कादंबरी वाचून एका वर्षी दिवाळीत एक गृहस्थ आले. पुण्याचे, बरोबर पत्नी, एक मुलगी आणि दहा-अकरा वर्षांचा मुलगा. माझ्या घरी चहा झाला, फराळ झाला. ते म्हणाले, "मास्तर, आम्हांला ती तुमची पुळण बघायची आहे. पुस्तकातली." लेखकाला याहून मोठे सुख नसते, हे कोणी लेखकच जाणे. मी स्वतः त्यांना घेऊन गेलो. भाऊबीजेचा दिवस होता आणि दुपारचे चार वाजले होते.

येथे मला थोडा हिशेब सांगायला हवा, कारण सारा दोष त्या हिशेबातच आहे. किनाऱ्यावरच्या पोरांना भरतीची वेळ पंचांगावरून काढता येते. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, तितक्या वाजता पूर्ण भरती. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण गलबत चुकत नाही. भाऊबीज म्हणजे द्वितीया. बे पाऊण दीड. दीड वाजता पूर्ण भरती, म्हणजे चार वाजता पाणी जोरात ओसरत असणार. त्यातून अमावास्या नुकतीच झालेली, म्हणजे उधाणाचे दिवस. पाणी जितके वर चढलेले, तितकेच खाली जाणार. आणि तो लाटा न फुटणारा शांत पट्टा? लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी कोठून तरी परत जायलाच हवे. ते वाळूच्या बांधातली खोलगट वाट धरते. खोल पाण्यात लाट फुटत नाही, म्हणून ती वाट वरून शांत दिसते. खालून मात्र ती ओढत असते. नवख्या माणसाला सगळ्यांत सुरक्षित वाटणारी जागा तीच, आणि सगळ्यांत वाईटही तीच. हे मला पुस्तक वाचून कळलेले नाही. मी आठ वर्षांचा असताना माझ्या आजीने त्या पट्ट्याकडे बोट करून सांगितले होते, "थंय जावचा नाय."

म्हणजे मला सर्व माहीत होते. कादंबरी लिहितानाही माहीत होते. पण उदास नायिकेच्या मागे उभी राहून आजी 'थंय जावचा नाय' म्हणाली असती, तर प्रसंगाचा विचका झाला असता. कादंबरीत मी आजीला गाळले, याबद्दल माझे मन मला तितकेसे खात नाही. पण त्या दिवशी, जिवंत माणसांबरोबर वाळूवर उभा असताना, मी तिला पुन्हा गाळले. मुलगा म्हणाला, "बाबा, हेच ते पुस्तकातले शांत पाणी ना?" वडील माझ्याकडे वळून कौतुकाने हसले. मी मान डोलावली. मनात आले होते, की सांगावे. अगदी ओठांवर आले होते. पण ती सारी मंडळी इतकी हरखली होती, नि त्या हरखण्याचा धनी मी होतो. इतक्यात काय होते, पाय तर भिजवतील. असे म्हणून मी ते वाक्य गिळले.

पुढचे फार लांबवीत नाही. मुलगा पोहणारा होता, तलावात शिकलेला. गुडघ्याचे कंबरभर झाले, कंबरेचे छातीभर, आणि मग आम्हांला दिसले की तो किनाऱ्याकडे पोहतो आहे नि किनाऱ्यापासून लांब जातो आहे. त्याची आई जी ओरडली, ती ओरड मला अजून ऐकू येते. सुदैव असे, की दोनशे पावलांवर रापण लागलेली होती. होडीने अर्धवर्तुळात जाळे टाकून झाले होते आणि दोन्ही बाजूंनी माणसे दोर ओढीत होती. त्यांतला म्हातारा तांडेल दोर टाकून धावला. तो सरळ पोरामागे गेला नाही. ओढीत स्वतः होऊन शिरला, तिच्याबरोबर वाहत गेला, पोराला धरले, आणि किनाऱ्याशी न झगडता आडवा, किनाऱ्याला समांतर असा पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडला. जिथे लाटा फुटत होत्या, जिथे पाहून भीती वाटत होती, त्या पाण्याने दोघांना किनाऱ्याला आणून टाकले.

मुलाच्या पोटातले पाणी निघाले, रडारड झाली, वडिलांनी तांडेलाच्या पायांवर डोके ठेवले. तांडेल त्यांच्याशी गोड बोलला, पोराच्या केसांवरून हात फिरवला. मग जाता जाता माझ्याजवळ थांबला. हळूच, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला,

"मास्तरांनू, तुमका म्हायत होता ना?"

उत्तराची वाट न पाहता तो दोराकडे गेला. त्याच्या बाजूची माणसे कमी पडल्यामुळे जाळे एकीकडे कलले होते.

त्यानंतर मी एक टोक गाठले. कोणी पुळण विचारली, की मी 'स्टँडवर चौकशी करा' म्हणू लागलो. मला वाटले, हाच प्रामाणिकपणा. सुंदर वस्तू दाखवावी तर तिचा धोका झाकण्याचा मोह होतो. मग दाखवूच नये. या माझ्या व्रताला मी हळूहळू एक तात्त्विक डौलही दिला. जी जागा लोकांना कळते, ती संपते, असे मी म्हणू लागलो. तारकर्ली पाहा, मी म्हणे. माझ्या लहानपणी तिथे माडाखालून वाळूची वाट होती. आज दाराआड दार राहण्याजेवण्याची सोय आहे, आणि पाण्यावर यंत्रांचा घरघराट. १९९७ मध्ये आमचा सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि तेव्हापासून आमचा समुद्र आमचा राहिला नाही, वगैरे वगैरे. हे सारे मी जेवताना बोलत असे, नि पत्नी ताकाचे पातेले हातात घेऊन ऐकत असे.

एके दिवशी ती म्हणाली, "अहो, तुमचे वडील मुंबईला गिरणीत का गेले होते?"

मी म्हटले, "इथे काय होते खायला?"

"मग आता तारकर्लीतला मुलगा चार खोल्या बांधून आईच्या हाताखाली राहतो, तर तुम्हांला एवढा राग का येतो? तुमची पुळण निवांत राहावी म्हणून त्याने मुंबईला जायचे?"

मला उत्तर सुचले नाही. १९८२ च्या संपानंतर वडील परत आले, ते पत्र्याची एक ट्रंक नि खोकला घेऊन. त्यांच्या मनीऑर्डरीवर वाढलेल्या माणसाने ओसाड किनाऱ्याचे गोडवे गावेत, यात काहीतरी लबाडी आहे, हे मला तोवर दिसलेच नव्हते. ओसाड पुळण ही ज्याचे पोट पुळणीवर नाही, त्याची चैन आहे. तसे पाहिले, तर याच समुद्राच्या २९.१२ चौरस किलोमीटरांचे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य झाले, तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला, म्हणून आम्ही शिकलेल्यांनी नाके मुरडली होती. प्रवाळ वाचले पाहिजे, हे मला आजही मान्य आहे. पण ज्याला जाळे टाकू नको म्हणायचे, त्याच्याशी आधी बोलायला हवे, हे मान्य करायला मला बराच काळ लागला.

मग काय करावे? समुद्र दाखवावा, तर माझ्या जिभेवर विश्वास नाही; झाकावा, तर तो माझ्या बापाचा नाही. या कोड्यात असताना आचऱ्याची गावपळण आली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तीन-चार वर्षांतून एकदा, देव रामेश्वराचा कौल घेऊन, आचऱ्याचा सगळा गाव तीन दिवस नि तीन रात्री घरे सोडून वेशीबाहेर जातो. माणसे, गुरे, कुत्री, कोंबडीदेखील. माळावर, खाडीपलीकडे झावळ्यांची खोपटी उभी राहतात; तिथे चुली पेटतात, भजने होतात, पोरांची चंगळ होते. आणि मागे गाव रिकामा. त्याची कारणे भुतांपासून ते गावाच्या हवापालटापर्यंत नाना प्रकारची सांगतात, नि त्यांत मी पडत नाही. मी माझ्या मेहुण्यांच्या खोपटात एक रात्र काढली. खाडीपलीकडे त्यांचे स्वतःचे घर काळोखात उभे होते. मेहुणे बिडी ओढीत तिकडे पाहत होते. म्हणाले, "तीन दिवस लांबून बघितले, की घर आपले नाही असे वाटायला लागते. मग परत जाताना माणूस जरा बेताने आत शिरतो."

बेताने आत शिरणे. मला वाटले, तांडेल त्या पाण्यात शिरला तो असाच. आणि मी त्या पुळणीवर पाहुणे घेऊन शिरलो, तो सासुरवाडीला निघालेल्या जावयासारखा!

आता मी पुन्हा पुळणी सांगतो. मात्र सांगण्याची रीत बदलली आहे. कोणी विचारले, की आधी तिथी विचारतो. पाहुण्यांना नेले, तर वाळूवर पंधरा मिनिटे नुसते बसवतो. मोठी माणसे कंटाळतात, मुले कंटाळत नाहीत. लाटा कोठे फुटतात नि कोठे फुटत नाहीत, ते पोरांनी मला शोधून दाखवायचे. रापण लागलेली असली, तर दोराला हात लावायला सांगतो. दोराला हात लावणाऱ्याला शेवटी मूठभर मासळी मिळते, हा जुना रिवाज. यांत्रिक होड्या आल्यापासून रापणीचेच दिवस कठीण झाले आहेत, तरी तो अजून कोठे कोठे पाळतात. आजीचे वाक्य मी आजीच्याच शब्दांत सांगतो. समुद्राच्या सौंदर्याला त्याने काही बाध येतो असे मला दिसलेले नाही. येत असेल, तर येवो बापडा.

राहता राहिली ती कादंबरी. दुसऱ्या आवृत्तीत ते वाक्य घालावे, असे मनात आहे. पण दुसरी आवृत्ती निघेल असे प्रकाशकांना वाटत नाही, त्यामुळे तूर्त माझ्या घरच्या प्रतीत समासात पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. आणि राहिले ते पुण्याचे गृहस्थ. ते भले आहेत. "पोराच्या आगाऊपणामुळे तुम्हांला त्रास झाला," असे त्यांनी परत गेल्यावर मलाच लिहिले होते. दर दिवाळीला त्यांचे पत्र येते. तांडेल होता तोवर त्याच्यासाठीही धोतरजोडी येई. मुलगा आता मोठा झाला, नोकरीला लागला. इतक्या वर्षांत मी त्यांना कितीतरी पत्रे लिहिली, त्यांत फराळाचे लिहिले, पावसाचे लिहिले, पुस्तकांचे लिहिले. तांडेलाने मला काय विचारले, ते एकदाही लिहिले नाही.

त्यांच्या घरी हा दिवाळी अंक दरवर्षी घेतात.

परवा माझ्या धाकट्या मुलीने विचारले, यंदा पाहुणे कधी येणार. मी म्हटले, पंचमीला. ती पाटावर बसून करंज्यांच्या कडा दुमडत होती. शाळेत पाऊणकी आता कोणी शिकवत नाही. ती मी तिला घरी शिकवली आहे. बोटांना पीठ लागलेले, म्हणून तिने मोजायला ओठच हलवले.

"पाच पाऊण पावणेचार," ती म्हणाली. "बाबा, मग त्यांना सकाळीच नेऊ या. पाणी चढत असताना."